तळताना माशाचं ब्रेडक्रम्सचं कव्हर सुटतंय? आमच्याकडे तीनदा आलेला प्रॉब्लेम

मागच्या मे महिन्यात नणंदेची दोन मुलं पुण्याहून वेंगुर्ल्याला आली होती आणि त्यांना आमचा मसाला लावलेला मासा नको, तिखट लागतो, काटा लागतो, त्यांना हवा हॉटेलात मिळतो तसा, बाहेरून कुरकुरीत आतून पांढरा, ब्रेडक्रम्स लावलेला. मी म्हटलं त्यात काय, माशाला रवा लावून तव्यावर टाकणं हे आपण डोळे मिटून करतो, रव्याच्या जागी क्रम्स आणि तव्याच्या जागी कढई, संपलं. तर पहिल्या घाण्यातल्या चार तुकड्यांपैकी तिघींचं आवरण दोन मिनिटांत एका बाजूने फुगलं, मग फाटलं, आणि झाऱ्याने उचलायला गेले तर झाऱ्यावर नुसता उघडा मासा आणि तेलात तरंगणारं रिकामं कव्हर. धाकटा म्हणाला, "मामी, याचं जॅकेट निघालं." तेव्हापासून आमच्याकडे या प्रकाराला जॅकेटच म्हणतात.

हा प्रॉब्लेम मी एकदा सोडवला, मग तो जुलैत परत आला, परत सोडवला, आणि गणपतीनंतर तिसऱ्यांदा आला. तिन्ही वेळा दिसायला सगळं सेम, कारण मात्र दरवेळी वेगळ्या वाटेने आलेलं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

आधी लक्षण नीट बघा, कारण "कोटिंग सुटतं" असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार माझा, म्हणजे अख्खं आवरण पिशवीसारखं एकसंध निघतं आणि आतला मासा चकचकीत ओला दिसतो. दुसऱ्यात आवरण निघत नाही, क्रम्स सुटे सुटे होऊन वाळूसारखे कढईच्या तळाला जाऊन बसतात आणि काळे पडतात. तिसऱ्यात मासा बाकी ठीक असतो पण मध्येच टक्कल पडल्यासारखे डाग, बहुतेक झारा लागला तिथे नाहीतर दोन तुकड्या एकमेकींना चिकटल्या तिथे. तिसरा सगळ्यात सोपा, तेलात सोडल्यावर पहिला एक मिनिट हात लावायचा नाही आणि गर्दी करायची नाही, बस. दुसऱ्याचं कारण क्रम्स नुसते भुरभुरवलेले असतात, तळहाताने दाबलेले नसतात, किंवा अंडं सुकून गेल्यावर क्रम्स लावलेले असतात, किंवा क्रम्स फार जाडेभरडे. पहिला प्रकार खरा त्रासदायक आणि बाकीचं लिखाण जास्त करून त्याच्याबद्दलच आहे.

मी आधी काय काय उलटे उद्योग केले ते पण सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. वाटलं अंडं कमी पडतंय, म्हणून दोन अंडी घेतली. फरक नाही. मग वाटलं थर पातळ आहे, म्हणून मैदा-अंडं-क्रम्स, परत अंडं-क्रम्स असा डबल कोट केला, तर जॅकेटचा स्वेटर झाला, आणखी जाड आणि आणखी सहज निघणारा. मग तेल बदललं. मग गॅस मोठा केला, त्यात बाहेरून काळं आणि आत कच्चं. सासूबाई हे सगळं माजघरातून बघत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "मासो सुको कर आधी, मगे काय ता लाव." मी ऐकलं नाही, कारण त्यांनी जन्मात ब्रेडक्रम्सला हात लावलेला नाही, त्यांना काय माहीत.

शेवटी एका रविवारी बाजारातून अर्धा किलो सुरमई आणली (आमच्याकडे इसवण), मासेवाल्या मावशीकडून मधला काटा काढून घेतला, साल काढून घेतली आणि बोटभर जाडीच्या सारख्या सहा पट्ट्या केल्या. प्रत्येकीत एकच गोष्ट बदलायची आणि एक एक करून तळायची, म्हणजे तेलाचं तापमान सगळ्यांना सारखं. कुठली कुठली ते कळावं म्हणून ताटाच्या कडेला चिठ्ठ्या ठेवल्या, नवरा म्हणाला बारावीचं प्रॅक्टिकल चाललंय का.

पहिली पट्टी नेहमीसारखी, कोकमाचं आगळ, हळद, मीठ, आलं-लसूण, मालवणी मसाला लावून अर्धा तास, मग मैदा, अंडं, क्रम्स. जॅकेट निघालं, अपेक्षेप्रमाणे. दुसरीला तोच मसाला, पण मैद्यात घोळवायच्या आधी फडक्याने पुसून काढला. ही अर्धी टिकली, एका बाजूने नीट, दुसऱ्या बाजूने सुटली. तिसरीला नुसतं मीठ, दहा मिनिटं, सुटलेलं पाणी पुसलं, मग मैदा-अंडं-क्रम्स. टिकली! चौथी तिसरीसारखीच पण मैदा वगळला, सरळ अंड्यात, तर अंडं माशावरून घरंगळतंच आणि जागोजागी टक्कल. पाचवीला मैदा जाड थापला, झटकला नाही, आणि डबल कोट, तर परत जॅकेट. म्हणजे कोरडा मासा असूनसुद्धा. सहावी तिसरीसारखीच केली पण कोट केल्यावर जाळीवर ठेवून वीस मिनिटं फ्रिजमध्ये टाकली आणि मग तळली. ही अशी निघाली की नखाने ओरबाडून पण कव्हर सुटेना.

तर सासूबाईंचं म्हणणं खरं होतं हे मला सहा पट्ट्या खर्च करून कळलं.

गडबड आहे ती पाण्याची. मासा आणि आवरण यांच्या मधे पाण्याचा पातळसा जरी थर राहिला तरी तो १८० डिग्रीच्या तेलात गेल्या गेल्या वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटीच्या वर जागा मागतं. अंडं तोपर्यंत शिजून घट्ट झालेलं असतं, वर क्रम्सचा कडक थर बसलेला असतो, वाफेला बाहेर पडायला वाट नाही, मग ती अख्खं आवरणच उचलते. म्हणून ते पिशवीसारखं फुगतं. आगळात मीठ असतं, आपण वरून आणखी मीठ घालतो, मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं, त्यात आलं-लसणाची ओली पेस्ट, म्हणजे आपण अर्धा तास मॅरिनेट करतो तेव्हा मासा मुरतोय असं वाटतं पण पृष्ठभागावर पातळसा चिखल तयार होत असतो आणि आपण त्या चिखलावर मैदा लावतो. पाचव्या पट्टीत पाणी नव्हतं पण मैदा जास्त होता, आणि जास्तीचा मैदा अंड्यातलं पाणी पिऊन त्याची खळ होते, माशाला न चिकटणारी, खळीचा थर घसरतो. मैदा हवा, पण पावडर लावल्यासारखा, लावून चांगला झटकायचा, मासा खालून दिसला पाहिजे.

मग रवा का टिकतो हा प्रश्न मला पडला होताच, कारण तिथे तर आपण ओल्या मसाल्यावरच रवा लावतो आणि कधी काही होत नाही. तर तिथे अंड्याचं कवच नसतं, रव्याचे कण सुटे असतात, मधून वाफ आरामात निघून जाते, वर रवा मसाल्यातलं पाणी स्वतः पितो, आणि तव्यावर थोड्या तेलात एक बाजू खाली दाबलेली आणि एक बाजू उघडी असते. कढईत मासा चारी बाजूंनी तेलात बुडालेला असतो. म्हणजे आपली पद्धत चुकीची नाहीये, ती तव्याची पद्धत आहे, मी ती कढईत ओढून आणली ही चूक.

आता मसाल्याचं काय करायचं, कारण नुसत्या मीठ लावलेल्या माशाला आमच्याकडे कोणी मासा म्हणणार नाही. मी आधी मालवणी मसाला क्रम्समध्ये घालून बघितला, तो करू नका, मसाला आधीच भाजलेला असतो, वरच्या थरात तो थेट तेलात करपतो आणि कडू लागतो, आणि तेल पण लाल-काळं करून टाकतो. मसाला मैद्यात घाला. अर्धा किलो माशाला पाऊण वाटी मैद्यात दोन चमचे मालवणी मसाला, पाव चमचा हळद, थोडी मिरपूड. वर अंड्याचा आणि क्रम्सचा थर असल्यामुळे तो आत सुरक्षित राहतो आणि चव माशाला लागूनच राहते. आलं-लसूण हवंच असेल तर अगदी थोडी पेस्ट फडक्यात पिळून तिचं पाणी अंड्यात घाला, चोथा नको. आणि आंबटपणा वरून द्या, तळून झाल्यावर लिंबू, नाहीतर सोबत सोलकढी आहेच की. आगळ लावायचंच असा हट्ट असेल तर दहा मिनिटं लावा आणि मग निर्दयपणे पुसा. मुलांसाठी करताना मी मसाला वगळते आणि मिरपूड ठेवते, त्यांना कळत पण नाही.

पुसायचं म्हणजे कसं, तर मासा धुतल्यावर रोवळीत दहा मिनिटं निथळत ठेवायचा, मग अर्धा किलोला लहान चमचाभर मीठ लावून आणखी दहा मिनिटं, मग जुन्या सुती फडक्यावर पसरून वरून दुसरं फडकं घेऊन दाबायचं. टिश्यू पेपर नको, तो फाटून माशाला चिकटतो. हात लावल्यावर मासा किंचित चिकट लागला पाहिजे, ओला नाही. हा फरक बोटांना दोन-तीन वेळा केल्यावर कळतो. आणि कोट करताना एक हात कोरड्याला एक हात ओल्याला, नाहीतर तुमच्या बोटांनाच मैदा-अंडं-क्रम्सचा असा कोट चढतो की आधी ती तळावी लागतील.

हे सगळं मे महिन्यात जमलं आणि मी खूश. मग जुलैत मुलं नव्हती पण नवऱ्याच्या मित्रांसाठी तेच करायला घेतलं, सगळं सेम, पुसलं, मैदा झटकला, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि जॅकेट परत हजर!

जुलै म्हणजे मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, ताजी सुरमई कुठून येणार, ती फ्रीजरमधली होती, मीच मेमध्ये घेऊन ठेवलेली. घरच्या फ्रीजरमध्ये मासा हळूहळू गोठतो, त्यामुळे आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते माशाच्या पेशी फाडतात, मग बाहेर काढल्यावर मासा पाणी सोडतच राहतो. मी तो दुपारी ओट्यावर काढून ठेवला, तासाभराने वरून नरम लागला म्हणून घेतला, पुसला पण, पण आतला गाभा अजून बर्फच होता. तो तेलात गेल्यावर वितळायला लागला आणि पाणी आतून बाहेर आलं. वरून कितीही पुसा काय उपयोग. आता मी फ्रोजन मासा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात जाळी किंवा रोवळी ठेवून त्यावर ठेवते, म्हणजे सुटलेलं पाणी खाली पडतं आणि मासा त्या पाण्यात लोळत बसत नाही, सकाळी दाबून पुसते, मग मीठ, मग परत पुसते. दोनदा पुसणं फ्रोजनला लागतंच. उन्हाळ्यात ओट्यावर मासा तासनतास काढून ठेवणं तसंही बरं नाही, विशेषतः बांगडा, तो गरम हवेत राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते तळून जात नाही, मग अंगावर पुरळ आणि डोकं दुखणं. वासाला ठीक असला तरी.

जुलैतला दुसरा गुन्हेगार होता क्रम्सचा डबा. आपल्याकडे पावसाळ्यात पापड अर्ध्या तासात मऊ पडतो, मीठ गोळा होतं, तर क्रम्स काय कोरडे राहणार. डबा उघडला तेव्हा वासाला चांगले होते पण मुठीत दाबले तर लाडवासारखे वळले गेले. ओले क्रम्स म्हणजे परत पाणीच, यावेळी बाहेरून. कढईत मंद गॅसवर पाच मिनिटं हलवून कोरडे केले, गार केले आणि मग लावले, एकदम फरक. रंग येईपर्यंत भाजू नका हं, नाहीतर तेलात जाऊन लगेच करपतील.

क्रम्सवरून आठवलं, बाहेर लवकर लाल होतंय आणि आत मासा कच्चा राहतोय अशी तक्रार असेल तर गॅसच्या आधी ब्रेड तपासा. दुकानातल्या स्लाइस ब्रेडमध्ये साखर असते, गोडसर लागतो बघा, ती साखर तेलात पटकन लाल होते आणि आपल्याला वाटतं झालं. मी बेकरीतले शिळे पाव वापरते, कालचे नाही तर परवाचे, वरचा लाल कडक भाग काढून आतला पांढरा भाग हाताने चुरून उन्हात नाहीतर मंद तव्यावर सुकवते. पाव तेवढा गोड नसतो. मिक्सरला एकदाच फिरवा, पीठ करू नका, पीठ झालं की थर घट्ट होतो आणि वाफेला परत वाट नाही. टोस्टचा चुरा पण चालतो पण तो पण गोड असतो बऱ्याच वेळा. जपानी पांको मिळतो ऑनलाइन, तो बिनकडेच्या पावाचा असतो, मोठे हलके पापुद्रे, छान होतो, पण बेकरीतला पाव असताना तेवढे पैसे घालवायची मला गरज वाटत नाही.

तेलाचं तापमान. यात मी फार वर्षं अंदाजाने काम केलं, मग एक सळीवाला थर्मामीटर घेतला आणि पहिल्याच दिवशी लाज वाटली. तेल १८० ला आणलं, एकदम सहा तुकड्या टाकल्या, काटा बघता बघता १५० च्या खाली. १५० ला क्रम्स कडक व्हायच्या आधी तेल पितात, अंडं हळूहळू शिजतं, आवरण लोंबायला लागतं आणि मऊ असतानाच झारा लागून फाटतं. म्हणजे पुसलेल्या, झटकलेल्या, सगळं नीट केलेल्या माशाचं पण जॅकेट निघू शकतं, नुसत्या गर्दीने. आता लिटरभर तेलात एका वेळी तीनच तुकड्या आणि दोन घाण्यांच्या मध्ये मिनिटभर थांबायचं, तेल परत १८० ला येऊ द्यायचं. बोटभर जाडीची पट्टी तीन, साडेतीन मिनिटांत होते, आतलं तापमान ६३ डिग्री झालं की मासा शिजला, थर्मामीटर असेल तर सळी खुपसून बघा, नसेल तर मोडून बघा, पांढरा आणि पापुद्र्याने सुटला पाहिजे. थर्मामीटर नसताना तेल बघायचं तर ब्रेडचा लहान चौकोन टाका, साधारण एका मिनिटात सोनेरी झाला तर बरोबर, वीस सेकंदात लाल झाला तर फार तापलंय, आणि तळाला जाऊन आळशासारखा बसला तर अजून वेळ आहे.

पातळ हिंडालियमची कढई असेल तर तापमान आणखी पटकन पडतं. घरात जुनी बिडाची असेल तर ती काढा, जड आहे, घासायला वैताग आहे, पण उष्णता धरून ठेवते. आणि फ्रिजमधून काढलेल्या तुकड्या पाच मिनिटं बाहेर ठेवा, फ्रीजरमध्ये ठेवून कडक करायची आयडिया मी करून बघितली, कोट टिकला पण आत कच्चा राहिला.

आता तिसरी खेप. गणपती झाले, श्रावणापासून बंद असलेलं मासे-मटण सुरू झालं, पहिला रविवार, घरात पाहुणे. मासा ताजा, क्रम्स कोरडे, सगळं पाठ झालेलं. पहिला घाणा टाकला आणि कढईतून फेस वर यायला लागला, दूध उतू जावं तसा. घाबरून गॅस बारीक केला, फेसाखाली काही दिसेना, तुकड्या वर काढल्या तर तेलकट, लिबलिबीत, आणि दोघींची जॅकेटं सुटलेली.

झालं होतं असं की सूर्यफुलाचं तेल कमी पडलं म्हणून सासूबाईंनी घरच्या घाण्याचं खोबरेल त्यात ओतलं होतं, चांगल्या मनाने. आपल्याकडे खोबरेल स्वयंपाकात असतंच, आणि तेल तेलात मिसळलं तर काय होतंय असं कोणालाही वाटेल. पण खोबरेल आणि दुसरं तेल एकत्र करून डीप फ्राय केलं की फेस येतो, दोन्ही तेलांची घडण वेगळी आहे, खोबरेलातली फॅटी ॲसिड्स त्या मानाने आखूड साखळीची, सूर्यफुलातली लांब साखळीची, आणि माशातून सुटणारी वाफ या मिश्रणात अडकून फेस धरते. एकटं खोबरेल चालतं, एकटं सूर्यफूल किंवा शेंगदाणा चालतं, भेसळ नको. त्यातही घाण्याचं न गाळलेलं खोबरेल १८० च्या आसपासच धुरायला लागतं, त्यामुळे कढईभर तळायला मी रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल घेते आणि खोबरेल तव्यावरच्या बांगड्याला ठेवते, तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तर साखळी बघा कशी, फेस आला म्हणून गॅस कमी केला, गॅस कमी केला म्हणून तापमान पडलं, तापमान पडलं म्हणून कोट सुटला. मी मात्र तासभर अंड्याला दोष देत होते.

फेस जुन्या तेलाने पण येतो. क्रम्सवाला मासा तळला की चुरा तेलात राहतो, तो पुढच्या घाण्याला करपतो, मग त्या काळ्या ठिपक्यांनी नवीन तुकडी पण कडू. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने चुरा काढा, आणि सगळं झाल्यावर तेल गार करून फडक्यातून गाळून ठेवा. मी माशाचं तेल माशालाच आणि फार तर आणखी एकदा वापरते. हॉटेलांसाठी एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १ जुलै २०१८ पासून नियमच केलाय की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं. घरी ते मोजायचं यंत्र कोणाकडे असणार, पण तेल गडद, चिकट झालं, कमी गॅसवरच धूर सोडायला लागलं किंवा फेस खाली बसेना की ओळखावं.

कढई अर्ध्याच्या वर भरू नका, आणि ओली तुकडी, ओला झारा तेलात घालू नका. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद, वर झाकण, आणि गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही.

तळून झाल्यावर दहा मिनिटांत मऊ पडतंय ही तक्रार खूप जणांची असते, त्यात तळणं नव्वद टक्के वेळा बरोबर असतं, ठेवणं चुकतं. ताटात पेपर टाकून एकावर एक रचल्या की खालच्या तुकडीची वाफ वरची पिते. जाळीवर एका थरात ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. वर्तमानपत्र तर नकोच, शाई लागते. झाकण घालू नका, माशी बसेल म्हणून ताट झाकायची सवय असते आपली, मी वरून पीठ चाळायची मोठी चाळणी उलटी घालते. नणंद एकदा पुण्याला परत जाताना डब्यात भरून घेऊन गेली, कणकवली येईपर्यंत लगदा झाला म्हणे. डब्याचा मासा तव्याचाच.

कुठला मासा घ्यायचा हा अर्धा प्रॉब्लेम बाजारातच सुटतो. सुरमई, रावस, घोळ, जाड पांढऱ्या मांसाचे मासे याला उत्तम. पापलेटला क्रम्स लावणं मला पाप वाटतं, ते नुसत्या मीठ-हळदीवर पण भारी लागतं, आणि अख्खं पातळ पापलेट कढईत वाकतं आणि कोट तडकतो. मुडदुशा रव्याच्याच. कोळंबीला छान बसतात क्रम्स, पण पाठीतला धागा काढल्यावर ती खाच पाणी धरून ठेवते, तिथे फडक्याचं टोक घालून पुसा. बोंबलाची गंमत वेगळी, तो म्हणजे जवळजवळ पाणीच, मधून चिरून उघडून फडक्यात गुंडाळून वर पाटा नाहीतर भरलेला डबा ठेवून तासभर दाबला नाही तर जॅकेट काय, आतला माणूसच विरघळतो. दाबलेला बोंबील मात्र क्रम्समध्ये सुरमईला मागे टाकतो, हे माझं मत, घरात मान्य नाही. बांगड्याची साल गुळगुळीत आणि तेलकट, त्यावर मैदा धरतच नाही, साल काढली तर कोट टिकतो पण सालीशिवाय बांगडा खाणार कोण, म्हणून तो तव्यावर.

अंडं चालत नसेल तर दोन चमचे मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लॉर आणि पाण्याची पातळ ताकासारखी पेस्ट, पळीतून धार पडली पाहिजे. अंड्याएवढं घट्ट धरत नाही, त्यामुळे फ्रिजमधली वीस मिनिटं तिथे चुकवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं परत आली तेव्हा किलोभर सुरमईच्या बावीस पट्ट्या झाल्या, दोन फुटल्या, त्या मी शेवटच्या घाण्याला घाईत पाच टाकल्या होत्या त्यातल्या. सासूबाईंनी एक खाल्ली, वरचं आवरण नखाने सोलून बघितलं, ते निघालं नाही. मग म्हणाल्या, "बरा झाला. माका उद्या रवो लावून दी."